परक्या उंबऱ्यावरची मूठ

मित्रांनो, माझ्या झाकणाला हात लावण्याआधी तळवे दाखवा बरे. कोरडे आहेत ना? नुसते "हो" म्हणू नका, पुसून या. राग मानू नका. मी एक जुने गाडगे आहे, बियाण्याचे गाडगे, आणि संशय घेणे हेच माझे काम आहे. पाण्याच्या माठाला सगळे जग भले वाटते, कारण त्याच्याकडे तहानलेला येतो. माझ्याकडे ओल येते, भुंगा येतो, उंदीर येतो आणि माणूस येतो. यांतला जास्त वाईट कोण, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

देश स्वतंत्र होऊन थोडी वर्षे झाली होती, तेव्हा धायरीच्या मच्छिंद्र कुंभाराने मला घडवले. धायरी तेव्हा खेडे होते. त्याच्या भट्टीत, आव्यात, मी जरा जास्तच भाजले गेले. मच्छिंद्राने मला टिचकी मारून पाहिली आणि तोंड वाकडे केले. "यात पाणी गार व्हायचं नाय. बियाला घ्या," तो म्हणाला. घेणारी बायडाबाई होती, नुकती लग्न होऊन आलेली. तिच्या पदराच्या गाठीत माहेरचे मूठभर पावटे होते. तांबूस रंगाचे, पाठीवर पांढरी रेघ असलेले. ते तिने राखेत घोळले, माझ्या पोटात घातले आणि वर फडके बांधले. पुढे तिचे माहेरचे गाव धरणाच्या पाण्याखाली गेले. तिकडचे तिच्याजवळ उरले ते एवढे बी.

कामाची माझी वर्षे चांगली गेली. ज्येष्ठात बी बाहेर पडे, मार्गशीर्षात वेल शेंगांनी लगडे. वेलावरच्या सगळ्यांत भरदार शेंगांना बायडाबाई लाल चिंधी बांधी. चिंधीच्या शेंगेला हात लावायचा नाही, मग घरात पाहुणा येवो की जावई. त्या शेंगा वेलावरच वाळत. मग फाल्गुनाच्या उन्हात बी तापवायचे, दाताखाली धरून बघायचे, कट्कन तुटले तरच माझ्यात भरायचे. मला भरले की ती एक मूठ बाजूला काढी आणि जावेच्या घरी ठेवायला देई. "बियाची एक मूठ परक्या उंबऱ्यावर असावी," ती म्हणे. मला ते मुळीच पटत नसे. आपले सोने शेजाऱ्याच्या पेटीत कोण ठेवतो?

तेव्हा माझे ऐकायला कुणी नव्हते. नंतर मात्र बायडाबाईच माझ्यासारखी झाली. तिचा दीर, त्याच जावेचा नवरा हिंदुराव, रस्त्याकडेची सामाईक जमीन परस्पर विकून मोकळा झाला. त्या दिवसापासून जावेकडची मूठ बंद झाली आणि बायडाबाई दुधाने तोंड पोळल्यासारखी ताकही फुंकून पिऊ लागली. दूधवाल्याचे माप बघे, सुनेने घातलेले मीठ बघे, दाराची कडी दोनदा बघे. खरे सांगते, मला ती तेव्हा फार आवडू लागली.

घर पडले, तिथे इमारत उभी राहिली. आम्ही तिसऱ्या मजल्यावर आलो. वेल गच्चीवर निळ्या पिंपातून चढू लागला. चूल गेली तशी राखही गेली, आणि राखेशिवाय माझे पोट म्हणजे भुंग्याला आमंत्रणच. तळमजल्यावर नसीमबानू राहायची. तिच्या नवऱ्याची, मन्सूरची, मागच्या बाजूला पावाची भट्टी होती, लाकडावर चालणारी. दर फाल्गुनात ती डबाभर राख वर आणून द्यायची.

"मावशी, चाळून आणलीय," ती म्हणायची.

बायडाबाई तिच्यासमोर ती पुन्हा चाळायची आणि चिमूटभर जिभेवर ठेवून बघायची. न जाणो, मीठबीठ मिसळले असेल!

"साखर घालायची राहिली बघा," नसीमबानू शांतपणे म्हणायची आणि जिना उतरायची.

मग एका फाल्गुनात, बायडाबाई आंघोळीला गेली असताना, सून शकू माझ्याजवळ आली. तिने झाकण उघडले, मूठ भरली, पदरात बांधली आणि झाकण होते तसे लावले. मी मनात ओरडले, घरभेदी! मला तोंड आहे, पण जीभ नाही. पुढच्या वर्षीही तेच झाले. मूठ कुठे जात होती ते मला कळेना, पण चांगल्या जागी जात असती तर आंघोळीची वेळ कशाला साधली असती?

तीन-चार वर्षांनी कार्तिकात एकदा बायडाबाई गच्चीवरून तरातरा खाली आली आणि माझ्यापुढे बसली. भट्टीच्या मागच्या भिंतीवर तिने वेल पाहिला होता. "तीच फुलं," ती मला म्हणाली. "दांड्याला पांढरी, टोकाला जांभळी. गच्चीवर बी वाळत घालते, तवा उचललं असंल त्या नसीमबानूनं. म्हणूनच राख द्यायचा एवढा पुळका!" मी मनात म्हटले, चोर एक नाही, दोन आहेत. राख घेऊन येणारी बाहेरची आणि पदर बांधणारी घरातली.

त्या फाल्गुनात नसीमबानू राखेचा डबा घेऊन आली, तर बायडाबाईने दार अर्धेच उघडले. "नगं," एवढेच म्हणाली. बी गच्चीवर नेलेच नाही. खोलीची खिडकी लावून, पंख्याखाली वाळवले. दाताखाली धरले तेव्हा ते कट्कन तुटले नाही, जरासे दबले. तिलाही ते कळले असणार. पण गच्चीवर चोर होता ना! तिने राखेशिवायच बी भरले, तोंडाला फडके बांधले, वरून मातीने लिंपले आणि मला पलंगाखाली सरकवले. शकूला मूठ काढायला फटच राहिली नाही. मित्रांनो, आयुष्यात पहिल्यांदा मला निर्धास्त झोप लागली.

जाग आली ती कुबट वासाने. वास माझ्याच पोटातून येत होता.

ज्येष्ठात तिने लिंपण फोडले. भुंगे तिच्या मनगटावर चढले. वरचे बी भोके पडलेले, खालचे बुरशीने एकमेकांना चिकटलेले. तिने परातीत ओतून एकेक निवडले. बरे दिसणारे पसाभर ओल्या फडक्यात बांधून ठेवले आणि रोज उघडून पाहिले. एकालाही मोड आला नाही. बायडाबाई ती परात मांडीवर घेऊन रडली, मोठ्याने रडली. जमीन गेली तेव्हाही मी तिला अशी रडताना पाहिले नव्हते. "माझ्या आईचं बी हुतं गं," ती म्हणत होती. "आता कुठनं आणू?"

शकू दारात उभी होती. "खालून आणू?" ती म्हणाली.

"त्या चोरट्या बाईकडनं?"

"त्यांनी चोरलं नाही, आत्या. मी दिलंय. दर वर्षी एक मूठ."

"मला न इचारता?"

"इचारलं असतं तर दिलं असतं तुम्ही? मी लग्न होऊन आले तवा तुम्हीच सांगितलं हुतं, बियाची एक मूठ परक्या उंबऱ्यावर असावी. धाकल्या आत्यांचा उंबरा बंद झाला. मग मी दुसरा बघितला."

बायडाबाईने डोळे पुसले आणि परातीतले किडके बी केराच्या टोपलीत ओतले. शकू जिना उतरून गेली.

नसीमबानू आली ती एका हातात राखेचा डबा आणि दुसऱ्या हातात पुडी घेऊन. पुडी परातीत सोडली. तांबूस, पाठीवर पांढरी रेघ. बायडाबाईने एक बी उचलले, उजेडात धरले, फिरवून पाहिले.

"हे माझंच कशावरनं?"

"तुमचंच असणार, मावशी," नसीमबानू म्हणाली. "चोरीचा माल दुसऱ्याचाच असतो ना."

मला वाटले, आता भांडण जुंपणार. बायडाबाईने ते बी दाताखाली धरले. कट्कन आवाज झाला, माझ्यापर्यंत ऐकू आला. ती तुकडा बराच वेळ चघळत राहिली. "चिंधी बांधतीस का शेंगंला?" तिने विचारले.

"शकूनं सांगितल्यापासून बांधते. ह्यांनी एकदा चुकून ती शेंग तोडली, तर दोन दिवस बोलले नव्हते मी त्यांच्याशी."

बायडाबाईने सरकून तिला पलंगावर जागा करून दिली.

मला घासूनपुसून चैत्रातल्या उन्हात तापावे तसे कडक तापवले, चुलीच्या नव्हे तर गॅसच्या बाजूला ठेवून. त्या वर्षी वेल पिंपातूनही चढला आणि भट्टीच्या भिंतीवरही. फाल्गुनात बी गच्चीवर उघड्यावर वाळले. नसीमबानूची राख आली. बायडाबाईने ती पुन्हा चाळली, जिभेवर ठेवली आणि मान हलवली. मग माझ्यात बी भरले. झाकण लावायच्या आधी तिने माझ्या पोटात हात घालून स्वतः एक मूठ काढली आणि शकूच्या पदरात टाकली.

"खाली नेऊन ठेव," ती म्हणाली. "मोठी मूठ हाय, सांडू नको. माझा आता माझ्यावर भरवसा नाय."

मित्रांनो, मी जुने झाले आहे, काठाला एक टवका उडाला आहे. तुमच्या घरी माझ्यासारखे एखादे गाडगे, बरणी किंवा डबा असेल, तर त्याला ऊन दाखवत जा आणि कोरड्या हातानेच उघडत जा. उघडल्यावर एक मूठ शेजारी नेऊन ठेवा. शेजाऱ्यावर संशय आला तरी ठेवा. मलाही तो अजून येतो. शकूने पदर बांधला की आजही माझ्या मनात 'घरभेदी' हाच शब्द येतो. पण मूठ निघाली नाही, तर मला झोप लागत नाही.