आतला नंबर

“नहीं हो रहा, यार. बस गोल-गोल घूम रहा है,” फोनच्या स्पीकरवरून केयूर म्हणाला.

“एक बार और कर ना. सुबह तो हुआ था!” शाल्मली रडकुंडीला आली होती.

“रोज शाम को यही होता है. देख, कल भी नहीं हुआ ना, तो हम तीनों ईशा की नई सहेली के यहाँ खेलेंगे. उसका कभी बंद नहीं पड़ता.”

“और मैं?”

रेवतीचा बारीक आवाज आला, “उधर जगह फुल है, शालू. कोई छोड़ेगा तो तुझे बुला लेंगे.”

मृदुलाबाई पन्ह्याचा पेला घेऊन दारात उभ्या होत्या. नात फोन ठेवून भिंतीकडे तोंड करून बसली, तेव्हा त्यांनी पेला टेबलावर ठेवला आणि शेजारची खुर्ची ओढली.

ही चार पोरं कारखान्याच्या कॉलनीत एकाच जिन्यावर वाढलेली. मग बदल्यांचे कागद आले. केयूर हरिद्वारला गेला, ईशा भोपाळला, रेवती हैदराबादला. शाल्मलीचे बाबा झाशीतच राहिले, पण क्वार्टर सोडून प्रेम नगरात आई-वडिलांकडे राहायला आले. तेव्हापासून चौघांनी मिळून एका गेममध्ये आपलं गाव बांधलं होतं. त्यात चौघांची चार घरं, एक घसरगुंडी, एक समोशाचं दुकान. ते गाव शाल्मलीच्या कॉम्प्युटरवर होतं. बाकीचे तिघं इंटरनेटवरून तिथे यायचे. म्हणजे, यायला हवे होते.

“तो इंटरनेटवाला मुलगा काय म्हणाला?” आजींनी विचारलं.

“तो क्या बोलणार! ‘हमाई तरफ सें तौ सब ठीक है, अम्मा.’ बघितलं आणि गेला.”

“मग आता तू मला समजाव. मला यातलं ओ का ठो कळत नाही. पण तू सांगत गेलीस की तुझं तुलाच सापडेल.”

शाल्मलीने नाक पुसलं. जिन्याच्या कोपऱ्यात टांगलेल्या पांढऱ्या डब्याकडे बोट दाखवून ती म्हणाली, “तो राउटर. बाहेरचं सगळं आधी त्याच्याकडे येतं. घरात माझा कॉम्प्युटर आहे, बाबांचा लॅपटॉप, टीव्ही, सगळ्यांचे फोन. तर त्याला सांगावं लागतं, की गेमवाले आले की त्यांना माझ्याकडे भेज. ते मी व्हिडिओ बघून केलंय. पोर्ट फॉरवर्डिंग म्हणतात.”

मृदुलाबाई हसल्या. “अगं, हे तर आमचं बोर्ड झालं!”

लग्न होऊन झाशीला आल्या आणि वर्षभरात त्या कारखान्याच्या टेलिफोन बोर्डावर लागल्या. बाहेरचा फोन यायचा तो कारखान्याच्या एकाच नंबरावर. आत शेकडो टेबलं. स्टोअरचा फोन स्टोअरला, पेंटशॉपचा पेंटशॉपला, हे सगळं बोर्डावरच्या बाईला तोंडपाठ हवं. पुढे टेबलाटेबलावर थेट फोन आले, बोर्ड भंगारात गेलं आणि त्यांना रेकॉर्ड सेक्शनमध्ये एका खिडकीशी बसवलं. तिथूनच त्या निवृत्त झाल्या.

“म्हणजे तुझा डबा ही बोर्डावरची बाई. तिला तू तुझ्या टेबलाचा नंबर दिलास. सकाळी ती बरोबर जोडते. मग संध्याकाळी काय होतं तिला?”

“पागल होते.”

“बाई सहसा पागल होत नाही. मध्ये काहीतरी घडतं. सकाळ आणि संध्याकाळच्या मध्ये काय असतं?”

“दुपहर,” शाल्मली वैतागून म्हणाली.

“मग उद्या दुपारवर लक्ष ठेवू.”

रविवारी जेवणं झाली. शाल्मलीचे आई-बाबा एका लग्नाला गेले होते. बाहेर मे महिन्याचा गरम वारा, लू, दारं धडकवत होती. आजी आणि नात पलंगावर डोळे मिटून पडल्या, पण झोपली कुणीच नव्हती. थोड्या वेळाने शाल्मलीचे आबा, सुभाषचंद्र, खांद्यावरचा पंचा सावरत जिन्यापाशी गेले. आजारी मुलाचं कपाळ बघावं तसा त्यांनी डब्यावर उलटा हात ठेवला, “च्च” केलं आणि बटण बंद केलं.

“अहो!” मृदुलाबाई उठून बसल्या. “काय करताय?”

“तापलाय गं बिचारा. सकाळपासून राबतोय. घटकाभर पडू दे त्यालाही.”

“रोज करता हे?”

“उन्हाळा लागल्यापासून. मशीन म्हणून काय झालं?” सगळा जन्म ट्रान्सफॉर्मरच्या टेस्टिंगला काढलेला, गरम लोखंड दिसलं की त्यांचा जीव कळवळायचा. “उठलो की लावतो ना परत. मग माझी भजनं लावतो.”

“लावा बघू आत्ता. रोज करता तस्संच सगळं करा.”

आबांनी बटण दाबलं, आरामखुर्चीत बसले आणि फोनवर भजन लावलं. शाल्मलीने मग कॉम्प्युटर सुरू केला आणि राउटरचं पान उघडलं. घरातल्या कुठल्या वस्तूला आतला कुठला नंबर मिळालाय, ते तिथे दिसत होतं. बघता बघता तिचे डोळे विस्फारले.

“आजी! राउटर चालू झाला की जो पहिला येतो त्याला पहिला नंबर देतो. रात्री आबा फोन बंद करतात, मग तो नंबर सुटतो आणि सकाळी मला मिळतो. दुपारी आबा पहिले. माझावाला नंबर आबांच्या फोनला मिळालाय! केयूर, ईशा, सगळे आबांच्या फोनवर जात होते!”

“माझ्याकडे?” आबा दचकले. “मला सांगायचं तरी. चहा टाकला असता.”

पण शाल्मलीला हसू आलं नाही. “आबा, आपने सब बिगाड़ दिया! ते सगळे मला सोडून चाललेत, आणि तुम्हाला डब्याची पडलीय!”

आबांनी भजन बंद केलं. पंचा घडी करून मांडीवर ठेवला, पुन्हा उलगडला. “नाही हात लावणार यापुढे,” ते खाली बघत म्हणाले.

“लावा खुशाल,” मृदुलाबाई म्हणाल्या. मग नातीकडे वळल्या. “आणि उद्या लाइट गेली, डबा आपोआप बंद पडला, की बिजलीघरावर जाऊन ओरडशील? झाशीत लाइट जायचीच. आमच्याकडे साहेब लोक टेबलं बदलायचे आणि त्यांचे फोन भलत्यालाच लागायचे. आम्ही साहेबांशी भांडलो नाही. साहेब कुठेही बसो, त्यांचा नंबर त्यांच्याबरोबर जायचा, तो दुसऱ्याला द्यायचाच नाही, असं ठरवून घेतलं. तुझ्या डब्याला असं सांगता येतं का, बघ.”

शाल्मली पुटपुटत एकेक पान उघडत गेली. दोनदा चुकली. “घाई नको,” आजी म्हणाल्या, “एका वेळी एकच बदल.” शेवटी तिला नंबर राखून ठेवायची जागा सापडली. तिने आपल्या कॉम्प्युटरच्या नावापुढे जुना नंबर भरला, पक्का केला आणि मान खाली घालून आरामखुर्चीपाशी गेली.

“आबा… सॉरी. बंद करता? आणि चालू केल्यावर आधी तुम्हीच भजन लावा.”

आबा असे उठले, जणू साहेबांनी पुन्हा टेस्टिंगला बोलावलं होतं. बटण बंद. बटण चालू. एकेक हिरवा दिवा लागला, भजन सुरू झालं. शाल्मलीने यादी उघडली. आबांच्या फोनला भलताच नंबर होता. तिचा नंबर तिच्यासाठी तसाच होता.

ऊन कलल्यावर केयूरचा फोन आला. “आखिरी बार, हाँ.”

पडद्यावर त्या गावात शाल्मलीची बाहुली एकटीच उभी होती. चक्र फिरत राहिलं. मृदुलाबाईंनी पदराचं टोक मुठीत धरलं होतं.

“अरे! आ गया! मैं आ गया!”

घसरगुंडीपाशी केयूरची बाहुली उगवली. मागोमाग रेवती, मग ईशा.

“ए, मेरे घर पे दिया किसने लगाया?” ईशाने विचारलं. “रेवती के भी है. केयूर के भी.”

“मैंने,” शाल्मली म्हणाली. “शाम को अंधेरा हो जाता था ना उधर. तुम लोग थे नहीं.”

केयूरची बाहुली आपल्या घरावरच्या दिव्यापाशी जाऊन उभी राहिली. मग तो म्हणाला, “कल भी इधर ही आएँगे. रोज. वहाँ वैसे भी बोर करते हैं सब.” आणि चौघं एकदम बोलायला लागली.

मृदुलाबाई उठल्या.

“आजी, बैठ ना! बघ ना आमचं गाव!”

“तू बोल, बाळा.”

बोर्डावर एक शिस्त होती. फोन जोडला, दोन्हीकडचे आवाज एकमेकांना मिळाले, की आपला कान काढून घ्यायचा. त्यांनी दार हलकेच ओढून घेतलं. आतून आता शब्द कळत नव्हते, नुसता हसण्याचा गलका येत होता.

ओसरीत आबा अंधूक उजेडात बसले होते. “लागला का गं?” त्यांनी हळूच विचारलं.

“लागला,” त्या त्यांच्या शेजारी बसत म्हणाल्या. “बोलतायत.”