नऊ गावांचं फर्मान

किल्लीवाल्या बाईंचा हिशेब सरळ होता: उपप्रमुखांचा हट्ट पुरवला, की आठ दिवसांची रजा पदरात. कंपनीच्या नऊ गावांतल्या सर्व्हरांवर कुणी काय उघडावं, याची परवानगी बाई देत. त्या नसल्या की कामं अडत, म्हणून दोन वर्षं रजा नामंजूर. आता तर धाकट्या बहिणीचे दिवस भरले होते.

उपप्रमुख एक दिवस तणतणत आले. "मी इथला क्रमांक दोन, आणि गोदामाची यादी बघायला तुमच्याकडे अर्ज करू?"

"छे हो साहेब, शोभतं का ते!" बाईंनी त्यांना आपल्या बरोबरीचा अधिकार देऊन टाकला. मंजुरीला दुसरा माणूस मिळाला, रजा मंजूर झाली. निघताना त्या म्हणाल्या, "नियम बदललात तर आधी एका गावी करून बघा. आणि स्वतःचा अर्ज स्वतःला मंजूर करता येत नाही बरं का."

"मला शिकवू नका."

दोन दिवस साहेब फुशारून फिरले. तिसऱ्या दिवशी दीडशे अर्जांनी डोकं उठलं, तेव्हा त्यांनी नऊही गावांना एकदम फर्मान सोडलं: सगळे जुने अधिकार रद्द, हवा त्याने माझ्याकडे नव्याने मागावा. स्वतःला वगळायचं तेवढं राहून गेलं.

फर्मान गावोगाव पोचत गेलं. आधी गोदामाने साहेबांना ओळख दाखवली नाही, मग पगारपत्रकाने. हातातला चहा निवेपर्यंत नऊही दारं बंद.

त्यांनी फोन लावला. "बाई, मला बाहेर काढलंय हो!"

"कुणी?"

"...मीच."

"अगंबाई!"

"हसू नका. आत घ्या मला."

"घेतलं असतं हो. पण मलाही तुम्हीच काढलंत ना."

"ते कोण रडतंय?"

"भाची. कालच आली. तुमच्या आवाजाने उठली."

"मग आता?"

"प्रत्येक गावच्या सर्व्हरखोलीत आणीबाणीच्या पासवर्डचं सीलबंद पाकीट आहे. ते प्रमुखांनी किंवा उपप्रमुखांनी स्वतः फोडायचं, आणि तिथे बसून जुना नियम हाताने चढवायचा. प्रमुखांना सांगू?"

"नको, नको! मीच जातो."

शेवटी जमाखर्च असा झाला: साहेबांचे पाच दिवस, तेरा बसगाड्या आणि नऊ पहारेकऱ्यांपुढे नऊ वेळा 'मी उपप्रमुख' म्हणून दाखवलेलं ओळखपत्र. भाचीची एक झोप. बाईंचं काहीच गेलं नाही. त्यांनी आठही दिवस पुरेपूर वापरले.