मागच्या रिंगेखालचा पुठ्ठा

सासऱ्यांनी बसवलेली दुर्बीण बघून जावयाने जे नाक मुरडलं, ते दुपारपर्यंत काही सरळ झालं नाही.

कुठल्याशा जुन्या लढाईतल्या बंदुकीवरची दुर्बीण होती ती. संग्रहालयाने रिंगा काढून, साफ करून पुन्हा नीट बसवायला पाठवलेली. दुर्बीण धरून ठेवणाऱ्या रिंगा दोन, पुढे एक आणि मागे एक, प्रत्येकीचे दोन अर्धे स्क्रूंनी आवळलेले. मागची रिंग उघडून त्याने दुर्बीण उचलली, रिंगेचा खालचा अर्धाही बंदुकीवरच्या बैठकीतून सोडवला, तर खाली काय? सिगारेटच्या पाकिटाचा तुकडा!

"अगं, इकडे ये! तुझ्या वडिलांची कारागिरी बघ." त्याने चिमट्यात धरून तो तुकडा बायकोसमोर नाचवला. "अख्खी हयात या बाकावर काढली, आणि रिंगेखाली पुठ्ठा! दिवे लावलेत अगदी."

बायको रॉकेलमध्ये स्क्रू धूत होती. "काही कारण असेल. बाबांना विचारा ना आधी."

"काय विचारू? सिगारेट कुठली ओढत होता, ते?"

बाबा आतल्या खोलीत पडून सगळं ऐकत होते. दृष्टी गेली होती, कान मात्र शाबूत. "हे काम तुम्ही एकट्याने पार पाडा, मग दारावरची माझी पाटी उतरवून तुमची लावा," असं त्यांनीच सांगितलं होतं. जावयाला कुठला धीर! त्याने पाटी आधीच रंगवून आणली. पत्रा इतका पातळ की हात लागला तरी वाजायचा. वर त्याचं नाव, खाली तितक्याच मोठ्या अक्षरांत 'दुर्बीण तज्ज्ञ'. ती बाकाला टेकवून ठेवलेली, आणि हा येता-जाता तिच्याकडे बघून घ्यायचा.

पुठ्ठा केराच्या टोपलीत गेला. मग त्याने रिंगांचे खालचे अर्धे बैठकीवर पक्के केले, रिंगांच्या मापाच्या लोखंडी दांड्याला घासायची पेस्ट लावली आणि तो रिंगांत ठेवून घासायला सुरुवात केली. आता म्हाताऱ्याला कळेल काम कशाला म्हणतात! मागच्या रिंगेवर जरा जास्तच हात चालला. जुना काळा थर गेला, धातू आरशासारखा चमकू लागला, तरी गडी थांबेना.

दुर्बीण बसली. बंदूक बाकावरच्या लोखंडी पकडीत आवळलेली होती. नळीमागचा बोल्ट काढून त्याने नळीतून आरपार पाहिलं. समोरच्या घराच्या खिडकीची मूठ बरोबर मधोमध. मग दुर्बिणीतून पाहिलं. आतली नेमाची फुली छपरावर! त्याने फुली वर-खाली करायची चकती फिरवली, कटकट, कटकट, पार अडेपर्यंत. फुली छपरावरून उतरली, पण खिडकीच्या वरच अडकली. त्याने काच बनवणाऱ्याला शिव्या घातल्या, नळी बनवणाऱ्याला घातल्या, समोरचं घर बांधणाऱ्या गवंड्यालाही सोडलं नाही.

कटकट थांबली तशी आतून हाक आली. "जावईबापू, चकती संपली, फुली काही खाली येत नाही. असंच ना?"

याच्या तोंडचं पाणी पळालं.

"अहो, त्या बंदुकीची मागची बैठक कारखान्यातूनच बसकी आलीय. म्हणून तो पुठ्ठा. मला काय पुठ्ठ्याचं कौतुक होतं?"

"लावतो परत. त्यात काय एवढं?" जावई टोपलीत हात घालत म्हणाला.

"किती घासलंत?"

सासरे भिंत चाचपत बाहेर आले. जावयाने दुर्बीण काढून बाजूला ठेवली. त्यांनी मागच्या रिंगेत अंगठ्याचं नख फिरवलं आणि ते मोठ्याने हसले. "वा! रिंगेचा पार वाडगा केलात की! आता पुठ्ठ्याने भागत नाही. पत्रा घालावा लागेल. पातळ हवा."

"आत्ता पत्रा कुठून आणू? संग्रहालयाचा माणूस येतच असेल!" त्याचा आवाज रडवेला झाला. काम तसंच परत गेलं, तर ती पाटी जन्मात दारावर चढणार नव्हती.

सासऱ्यांना काही दिसत नव्हतं. बायकोला दिसत होतं. तिने हात फडक्याला पुसले, पत्रा कापायची कात्री घेतली आणि पाटी उचलून बाकावर ठेवली. पत्रा वाजला.

"कुठून कापू?" तिने विचारलं. "नावाकडून, की 'तज्ज्ञ'कडून?"

त्याने नावावर हात ठेवला.

"'तज्ज्ञ'कडून," तो म्हणाला.