पोतंभर कातरण

एकच पोतं, तीन दिवसांत तीनदा काट्यावर.

शर्टाच्या कॉलरमागे अडकलेली बोटभर लांबीची पिवळी पट्टी.

"वापरात" या शब्दाखाली दोनदा ओढलेली रेघ.

सोड्याच्या पाण्याची बादली.

गुरुवार, सकाळी दहा.

•

थोरलीचा संशय बसला तो दिरावर, आणि एकदा बसला तो उठायचं नाव घेईना.

दिराला सगळे पेन्सिल म्हणत. अंगानं तसाच, वर कानामागे कायम एक पेन्सिल खोचलेली. दोघे भाऊ आणि थोरली, असं तिघांचं पुस्तकबांधणीचं दुकान होतं. पुढच्या खोलीत काम, मागच्या खोलीत घर. बिलबुकं, वह्या, कधी एखादा पाठ मोडलेला शब्दकोश. थोरलीचा नवरा शिवण घाली, पेन्सिल खळ लावून पुठ्ठे चढवी आणि कटिंग मशीनवर थोरली. ओतीव लोखंडाचं, तिच्या छातीएवढं उंच. ते नसेल तर वही ही वही होत नाही, कागदांचा वेडावाकडा गठ्ठा राहतो.

कागदाच्या व्यापाऱ्याचं देणं थकलं होतं आणि त्यानं जप्ती आणली होती. सल्ला केंद्रातल्या वकीलबाईंनी कायद्यातली ओळ बोट ठेवून वाचून दाखवली. ज्या हत्यारांवर घरातली माणसं स्वतःच्या हातानं काम करून पोट भरतात, ती देण्यापोटी उचलता येत नाहीत. मात्र ती वापरात हवीत. "वापरात" या शब्दाखाली वकीलबाईंनी दोनदा रेघ ओढली.

"सुया, आऱ्या, शिकंजा, यांना कोणी हात लावणार नाही," त्या म्हणाल्या. "पण व्यापाऱ्यानं लिहून दिलंय, कटिंग मशीन बंद पडून आहे. कोर्टाचा बेलीफ गुरुवारी दहाला येऊन डोळ्यांनी बघेल. त्यालाही तसंच वाटलं, तर मशीन गेलं समजा."

"बंद? कालच लाँड्रीची बिलबुकं कापलीत मी त्याच्यावर!" थोरली उसळली.

"मग असं व्यापाऱ्याला सांगितलं कोणी?"

खरंच, कोणी? काम चालतं ते दार लोटून. मशीन चालू की बंद, हे रस्त्यावरच्या माणसाला काय कळणार? म्हणजे घरातलंच कोणीतरी. नवरा तर शिवणीतून मान वर काढत नाही. उरलं कोण? घरी येताना वाटभर थोरली सोबत आलेल्या पेन्सिलकडे पाहत राहिली. पेन्सिल स्वतःच्या चपलांकडे पाहत चालला होता. मन साफ असलेला माणूस इतका वेळ चपला बघतो का?

•

बुधवारी दुपारी ती दोऱ्याची रिळं आणायला निघाली, तर पेन्सिल रद्दीवाल्याच्या दुकानात. दोन्ही हात पसरून तो कसलंसं माप दाखवत होता. मशीनच्या रुंदीएवढं, अगदी तेवढंच. तिला पाहताच हात खाली आले.

"काय भाऊजी, इकडे कुठे?"

"सहज."

"रद्दीच्या दुकानात सहज? हवा खायला?"

"ताई, आमच्याकडची हवा एकदम कोरडी," रद्दीवाला म्हणाला. "मानवते त्यांना."

रद्दीवाला लोखंडही घ्यायचा. थोरलीला वेगळं काही सांगायला नको होतं.

"अहो, तुमचा भाऊ मशीन विकतोय," तिनं घरात पाऊल टाकताच नवऱ्याला सांगितलं. "बेलीफ यायच्या आत मशीन भंगारात आणि पैसे खिशात."

"अगं, ते हलवायला सहा माणसं लागतात. तो पाण्याची बादली दोन हातांनी उचलतो."

"उचलायला कशाला हवं? खोलून नेईल."

नवऱ्यानं दोरा दातांनी तोडला. त्याचं म्हणणं तिथंच संपायचं.

•

गुरुवारी उजाडता उजाडता तिनं पुढची खोली उघडली आणि उंबऱ्यातच थांबली.

मशीनखाली, टेबलावर, पात्याच्या खाचेत, जिकडे तिकडे कातरण. पांढऱ्या-पिवळ्या पट्ट्यांचा घोटाभर ढीग. तरफेवर ग्रीसची बोटं. सोमवारचं सगळं कातरण तर तिनं मंगळवारीच रद्दीत घातलं होतं! मग हे आलं कुठून? तिनं गणित मांडलं. सुटे भाग खाली पडताना आवाज होऊ नये, म्हणून अंथरूण घातलंय. ती गुडघ्यांवर बसली आणि एकेक नट हातानं चाचपून पाहिला. सगळे जागेवर होते. म्हणजे वेळेवर आले, तिला वाटलं.

आणि असल्या उकिरड्यात परका माणूस येणार? तिनं झाडू घेतला. मग सोड्याचं पाणी. ग्रीस गेलं, पातं लखलखलं, फरशीत तोंड दिसायला लागलं. कातरण पोत्यात भरून तिनं रद्दीवाल्याला हाक मारली. पोतं खांद्यावर घेताना त्याला हसू आवरेना.

"काय झालं?"

"काही नाही ताई. ओळखीचं पोतं आहे."

•

दहाला बेलीफ आला. जाडजूड, धापा टाकणारा, चष्मा दोरीला बांधलेला. मागे व्यापाऱ्याचा माणूस, बगलेत फाइल.

"बघा साहेब! हे काय चालू मशीन? शोकेसमधली बाहुली आहे."

बेलीफानं पात्याखालून बोट फिरवलं आणि बोटाकडे पाहिलं. काहीच लागलं नव्हतं. त्यानं लिहायला कागद काढला.

तेवढ्यात पेन्सिल मागच्या खोलीतून आला, मशीन पाहिलं आणि स्टुलावर मटकन बसला. "वहिनी, कातरण?"

"झाडलं."

"सगळं?"

"मग काय, नमुन्याला ठेवायचं होतं?"

"यावर कापतं कोण?" बेलीफानं विचारलं.

"मी," थोरली म्हणाली.

व्यापाऱ्याचा माणूस फिस्सकन हसला. "लिहा साहेब, बंद."

थोरलीनं बाह्या वर सारल्या. लाँड्रीची राहिलेली बिलबुकं घेतली, थप्पी चारही बाजूंनी ठोकून सारखी केली, पात्याखाली सरकवली. वरचं चाक फिरवलं, कागदांतली हवा सुस्कारा टाकून बाहेर पडेपर्यंत. तो सुस्कारा ऐकल्याशिवाय ती कधीच तरफ ओढत नसे. मग अंगाचा सगळा भार देऊन एकच ओढ. करकच. पांढऱ्या-पिवळ्या पट्ट्या लखलखीत फरशीवर पडल्या. थप्पी वळवली. पुन्हा. पुन्हा.

बेलीफानं बिलबुकाच्या कडेवरून अंगठा फिरवला. साबणाच्या वडीसारखी कड. मग मोठ्या कष्टानं वाकून त्यानं एक पट्टी उचलली आणि कागदाला टाचणीनं टोचली. खाली लिहिलं, "वापरात."

व्यापाऱ्याच्या माणसाची फाइल उघडायचीच राहिली.

•

ते गेल्यावर थोरलीला पेन्सिलच्या कॉलरमागे पिवळी पट्टी दिसली. तिनं ती ओढून काढली.

"भाऊजी, हे काय?"

"मशीन चालू दिसायला नको? आपलंच पोतं रद्दीवाल्यानं दीडपट भावानं विकलं मला. माप सांगितलं, दर सांगितला, घासाघीस केली. पहाटे उठून पसरलं. आणि तुम्ही..."

"मग मला सांगायचं होतं!"

"तुम्हाला? बेलीफाला दारातच कळलं असतं. वहिनी, तुमच्या तोंडात तीळ भिजत नाही."

नवरा शिवणीत खुदकन हसला. थोरली नाही हसली.

"ते राहू दे. मशीन बंद आहे, हे व्यापाऱ्याला सांगितलं कोणी?"

"मी नाही."

"मग घरातलंच कोणीतरी," ती म्हणाली, आणि सावकाश वळून नवऱ्याकडे पाहू लागली.

•

जप्तीची नोटीस यायच्या वीस दिवस आधी व्यापाऱ्याचा वसुलीचा माणूस आला होता, आणि थोरलीनं अर्धं दार उघडून त्याला सांगितलं होतं, "मशीनच बंद पडलंय, पैसे कुठून देऊ?"