बारापैकी बारा

मित्रांनो, मी एक जुना तक्ता आहे. पेणजवळच्या एका लहानशा दवाखान्यात, जखमींना आणतात त्या खोलीत, एका खिळ्याला टांगलेला. माझा पुठ्ठा आता ओल धरून फुगला आहे.

१९९२ साली चंद्रावती सिस्टरांनी मला लिहिले. डॉक्टरांनी मुंबईच्या शिबिरातून एक कागद आणला होता, त्याची सिस्टरांनी सोप्या मराठीत मांडणी केली. त्या दिवशी त्यांचा सोमवार होता. कपभर दूध घेऊन त्यांनी माझे चौकोन आखले. मला येते ते एवढेच. जखमी माणूस डोळे उघडतो का, बोलतो का, हातपाय हलवतो का, याचे मिळून चार गुण. रक्तदाबाचे चार, श्वासाचे चार. बारापेक्षा जितके कमी, तितका जिवाला धोका जास्त.

मुंबई-गोवा रस्त्यावर अपघात काय कमी होतात? कोणाला आधी मोठ्या इस्पितळात न्यायचे, ते माझ्याकडे पाहून ठरे. रोह्याहून एक डॉक्टर मुद्दाम आले आणि माझी नक्कल उतरवून घेऊन गेले. मला अभिमान झाला. देवाने तो पाहिला असावा.

१९९४ च्या श्रावणात हौसाआजी आल्या. वय बाहत्तर. जोहे गावातल्या कारखान्यात गणपतीचे डोळे आखावेत ते त्यांनीच. त्या दुपारी एका मोठ्या मूर्तीचा एक डोळा आखून झाला आणि आजी उंच फळीवरून डाव्या कुशीवर पडल्या. एक डोळा आखून मूर्ती सोडायची नाही, हा त्यांचा नेम. आजी उठल्या, पुन्हा फळीवर चढल्या, दुसरा डोळा पुरा केला आणि मगच सुनेबरोबर टेम्पोत बसल्या.

"पडल्यावर डोळा आखला आयनं. हात जरासुदा हलला नाय," सून अनिता सांगत होती. ते ऐकून सगळ्यांना हायसे वाटले. मलाही.

"मना काय नाय झालं गो," आजी सिस्टरांना म्हणाल्या. "जाऊ दे घरी. तीन गणपती आंधले बसलेत माजे."

सिस्टर हसल्या. डोळे, बोलणे, हालचाल, चार. श्वास, चार. रक्तदाब एकशे दहा, चार.

"रोज प्रेशरची गोळी घेते आय," अनिता म्हणाली. "तरी वरचा आकडा दीडशेच्या खाली येत नाय कधी."

"मग आज तर छानच आहे की."

तिथेच चुकले, मित्रांनो. दीडशेची सवय असलेल्या म्हाताऱ्या देहाला एकशे दहा म्हणजे आत कुठेतरी रक्त वाहत असेल, अशी शंका घ्यायला हवी होती. माझ्यात वयाचा रकानाच नव्हता. पंचविशीच्या पोराला आणि बाहत्तरीच्या आजीला मी एकच माप लावत होतो.

त्याच वेळी नऊ गुणांच्या एका ट्रकवाल्याला घेऊन गाडी अलिबागच्या मोठ्या इस्पितळाकडे निघत होती. डॉक्टर दारातून म्हणाले, "अजून एक जागा आहे. आजींना पाठवू या का?"

सिस्टरांनी माझ्याकडे पाहिले. "पूर्ण बारा आहेत, सर. राहू देत इथेच, नजरेसमोर."

गाडी गेली.

चार वाजता आजींना थंडी वाजू लागली. ओठ पांढरे पडले. गाडी परत यायला पाच वाजले. अलिबागच्या वाटेवर, वडखळ ओलांडल्यावर आजी गेल्या. डाव्या बरगड्यांखाली प्लीहा फुटून आतल्या आत रक्त गेले होते, असे मागाहून कळले. ट्रकवाला वाचला. त्या तीन गणपतींचे डोळे अनिताने आखले.

तिसऱ्या दिवशी सिस्टरांनी मला खाली उतरवले आणि खालच्या कडेला तांबड्या शाईने लिहिले, 'वय साठच्या पुढे असेल तर बारा गुण असले तरी वाट पाहू नये. नेहमीचा रक्तदाब घरच्यांना विचारावा.' तेव्हापासून रोज सकाळी, देवाला हात जोडून आल्यावर, त्या कोरड्या फडक्याने त्या ओळीवरची धूळ पुसतात आणि ती मनाशी वाचतात.

पण रोह्याला गेलेली नक्कल त्याआधीची आहे. सिस्टरांनी दोन पत्रे टाकली, उत्तर आले नाही. तिथे कोणा म्हातारीला अजून बारापैकी बारा मिळत असतील.

म्हणून एक विनंती. रोह्याकडे गेलात आणि एखाद्या भिंतीवर माझ्यासारखा तक्ता दिसला, तर त्याची खालची कडा बघा. तांबडी ओळ नसेल तर तिथल्या डॉक्टरांना सांगा. आणि तुमची आजी पडून उठली, कामालाही लागली, "काय नाय झालं" म्हणाली, तरी तेवढ्यावर विसंबू नका.

मी विसंबलो होतो.