कोणता उंदीर चावला?

धरलेला उंदीर कोणी पुन्हा वावरात सोडतं का? सांगा बरं! पण नागपूरहून आलेला तो उंदरांचा डॉक्टर, गोपाळकृष्ण, नेमकं तेच करत होता. पिंजऱ्यातला उंदीर काढायचा, सुईनं थेंबभर रक्त घ्यायचं, शेपटीला रंग फासायचा आणि जिथून धरला तिथंच नेऊन सोडायचा. सत्यभामानं वांग्याच्या झाडांआडून हे पाहिलं आणि ती तशीच नवऱ्याकडे निघाली.

अंजनगावच्या शिवारात प्लेगाचं साल कोणी विसरलं नव्हतं. आधी उंदीर पडले, मग माणसं. सत्यभामाची आई गावाबाहेरच्या झोपडीत मेली, तोंडात पाणी घालायलाही कोणी फिरकलं नाही. आता सत्यभामाच्या कडेवर अंगावर पिणारी शकुन होती. हा बाबा रोग पेरायला आलाय, यात तिला तिळमात्र शंका राहिली नाही.

"अवो, तो उंदरं सोडून राहिला," तिनं नवऱ्याला सांगितलं.

देवीदास टोपल्यात वांगी भरत होता. "सरकारी मानूस हाय. पाटलानं त्याले राहाले खोपडी द्याले सांगतली, आपून देली. तू कायले डोकं लावतं?"

"डोकं नोको लावू तं काय पोरगी मातीत घालू?"

फणकाऱ्यानं ती डॉक्टरला दिलेल्या विहिरीजवळच्या झोपडीत शिरली. भिंतीशी पिंजरे वेगवेगळे मांडले होते. घरातला काळा उंदीर, वावरातला भुरा, कुंपणातला लांब शेपटीचा आणि एक भली थोरली घूस. डॉक्टर मधोमध बसून वहीत लिहीत होता.

"कावून सोडता उंदरं?"

"बाई, यांच्या अंगात रोगाचे जंतू असतात. भिंगाखालीही दिसत नाहीत इतके बारीक, आणि प्रत्येक जातीत वेगळे. काही माणसाला बाधतात, काही मुळीच नाही. कोणाच्या अंगात काय आहे, तेच मी शोधतोय."

"मंग मारून टाका ना साऱ्याईले!"

"मारले तर पुढं त्यांचं काय होतं ते कळणार कसं?"

घ्या! रोग आहे म्हणतो आणि वर सोडतोही. दुपारी डॉक्टर अकोटला गेला तशी ती शकुनला निजवून उठली. सगळे पिंजरे विहिरीजवळच्या हौदात बुडवायचे, विषय संपला. तिनं ते एकावर एक रचून उचलले, उंबऱ्याला पाय अडला आणि सगळी चळत खाली कोसळली. दारं उघडली, पायांत एकच पळापळ झाली. कोणीतरी तिच्या बोटाला कडकडून चावलं आणि पसार झालं.

संध्याकाळी डॉक्टर परतला. शिव्यांसाठी ती तयारच होती. पण त्याची नजर तिच्या बोटाच्या चिंधीवर गेली.

"कोणता चावला? काळा? भुरा? का घूस होती?"

"काय मालूम? सारे एकदमच निघाले."

त्यानं साबणानं बोट धुतलं. पुन्हा धुतलं, मग तिसऱ्यांदा धुतलं, तेव्हा तिला शकुन आठवली.

"पोरीले पाजू ना?"

डॉक्टरनं रिकामे पिंजरे एकेक उचलून पाहिले. "कोणता ते कळलं असतं तर सांगितलं असतं. आता मलाही माहीत नाही. सध्या पाजू नका."

कडेवरची शकुन रडत पदर ओढत होती. सत्यभामाची चोळी दुधानं ओली झाली. आजवर या माणसाच्या एकाही शब्दावर तिचा भरवसा नव्हता. आज बसला, आणि आजच तो खोटारडा निघावा असं तिला जिवापासून वाटलं. तिनं पोरगी दारात आलेल्या देवीदासच्या हातात दिली आणि पाठ फिरवली.