विचारले : नाही

"एकाहत्तर टक्के!" नीलनं कॉम्प्युटरवरचा आकडा पुन्हा एकदा बघितला आणि टेबलावर थाप मारली. "अगं आयली, साठाला पास होतात, आपण एकाहत्तरवर आहोत! आणि तू तोंड पाडून काय बसलीयस?"

आता आयली हाय्टालाचं तोंड मुळातच तसं होतं, हे तिची सख्खी बहीणसुद्धा मान्य करायची. पण आज नीलचं म्हणणं खरं होतं. गेले तीन आठवडे तिच्या मनात काहीतरी सलत होतं.

तळ्याकाठच्या त्या गावातली ती प्रयोगशाळा, उणीपुरी नऊ माणसांची. नीलच्या वडिलांनी काढलेली, आता नीलच्या गळ्यात. साबण, रंग, यंत्रं धुवायची द्रावणं, असलं काहीबाही कंपन्या तिथे पाठवायच्या आणि एकच प्रश्न विचारायच्या : हे पाण्यात गेलं तर आपोआप कुजून संपेल, की वर्षानुवर्षं तसंच राहील? उत्तर काढायची रीत साधी. बाटलीत स्वच्छ पाणी घ्यायचं, त्यात तो पदार्थ चिमूटभर टाकायचा, गावाच्या मैलापाणी केंद्रातून आणलेल्या पाण्याचे थोडे थेंब घालायचे, घट्ट बूच लावून अठ्ठावीस दिवस अंधारात ठेवायची. त्या थेंबांतल्या जंतूंनी पदार्थ खाल्ला, तर पाण्यातला ऑक्सिजन तेवढा कमी होतो. मधूनमधून बाटल्या उघडायच्या आणि मीटरवर तो मोजायचा, त्यावरून पदार्थ किती टक्के कुजला ते कळतं. बस्स. आयली हे सव्वीस वर्षं करत होती.

मात्र एक अट होती. जंतू अनोळखी पाहिजेत. पदार्थ त्यांनी आधी कधी चाखलेला नसला पाहिजे. अनोळखी जंतूंनी खाल्लं तरच कागदावर 'सहज कुजणारा' असं लिहिता येतं. सगळी मेख त्या 'सहज' शब्दात.

अनोळखी जंतू पहिले काही दिवस नुसते बिचकतात, लांब लांब राहतात. हे आयलीनं हजार वेळा पाहिलं होतं. आणि या बाटल्यांत? सातव्याच दिवशी निम्मं ताट फस्त! रोजच्या जेवणाला बसावेत तसे बसले होते मेले.

"नील, मी जरा रूडीकडे जाऊन येते," ती म्हणाली.

"आत्ता? रिपोर्ट लिहायचा सोडून?"

पण ती कोट चढवत होती.

रूडी किनुनेन मैलापाणी केंद्राचा चालक. रस्त्याकडेला मार्चमधलं काळवंडलेलं बर्फ पडलेलं होतं. आयलीची गाडी बघून तो टोपी सावरत बाहेर आला. चांगला धिप्पाड माणूस, महिन्याभरात निम्मा झाला होता.

"काय गं, आज कसा रस्ता चुकलीस? सँपलचा तर दिवस नाही."

"रूडी, तुझ्याकडे कारखान्याचं पाणी येतं का?"

"येतं की. नवीन वर्षापासून दर मंगळवारी टँकर येतो. पलीकडच्या गावात तो यंत्रं धुवायच्या द्रावणाचा कारखाना नाही का, त्यांचा. नगरपालिकेनं परवानगी दिलीय, सगळं रीतसर आहे."

तोच कारखाना. एकाहत्तर टक्के त्यांच्याच द्रावणाचे होते. म्हणजे तिनं नेलेले जंतू ते द्रावण नवीन वर्षापासूनच चाखत होते.

"मला बोलला नाहीस ते?"

"तू विचारलं नाहीस, आयली." तो सरळपणे म्हणाला. त्यात टोमणा नव्हता. "एरवी दर खेपेला विचारतेस. मी म्हटलं, हिला ठाऊक असेल."

खरं होतं. सव्वीस वर्षं तिनं दर खेपेला विचारलं होतं. "काय रूडी, कारखान्याचं काही?" आणि तो म्हणायचा, "आपल्या गावात कारखानाच कुठे हाय्टालाबाई, आपण नुसतंच हगतो!" मग ती हसायची, परत यायची आणि फॉर्मवर 'कारखान्याचे पाणी' या रकान्यात लिहायची, 'केंद्रचालकास विचारले : नाही.' दर खेपेला तेच.

फेब्रुवारीत ती यंदाचं पहिलंच पाणी न्यायला आली, त्याच्या तीनच दिवस आधी एल्माला मातीआड केलं होतं. एल्मा रूडीची बायको. घरात भिंती खायला उठतात म्हणून तो कामावर आला होता. आयलीनं त्याच्यासाठी वेलदोड्याचा गोड पाव करून आणला होता. तो तिनं पुढे केला आणि एवढा मोठा बाप्या टाकीच्या कठड्याला धरून पोरासारखा रडला. "वीस वर्षं हाच पाव करायची गं ती दर शनिवारी," एवढंच त्याला बोलता आलं. अशा माणसाला कारखान्याचं पाणी विचारायचं कुठल्या तोंडानं? ती त्याच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. मग पाणी भरलं, परत आली आणि हाताच्या सवयीनं लिहून टाकलं, 'विचारले : नाही.'

"माझ्यामुळं काही घोळ झाला का गं?" रूडीनं घाबरून विचारलं.

"तुझ्यामुळं नाही," आयली म्हणाली. "आत जा, थंडी आहे."

नीलनं सगळं ऐकलं आणि डोकं धरून बसला. माणूस वाईट नव्हता. लबाडी करून पदार्थ पास करावा, असं त्याच्या मनालाही शिवलं नाही.

"ठीक आहे. टेस्ट बाद. दुसऱ्या गावचं पाणी आणू आणि परत करू. कंपनी बोंबलेल, बोंबलू दे. कारण काय लिहायचं? केंद्राकडून चुकीची माहिती मिळाली. झालं."

"केंद्राकडून म्हणजे रूडीकडून."

"अगं, त्याचं नाव कोण घेतंय?"

"फॉर्मवर आहे त्याचं नाव. 'विचारले : नाही.' म्हणजे तो खोटं बोलला, असंच होतं ना? उद्या नगरपालिकेनं त्याला जाब विचारला तर?"

"तो तसाही उन्हाळ्यात रिटायर होतोय. दोन शब्द ऐकून घेईल." नीलनं आवाज खाली आणला. "आणि तू खरं लिहिलंस तर काय होईल, ठाऊक आहे ना? न विचारता 'विचारले' लिहिलं. ही खोटी नोंद झाली, आयली. एक नोंद खोटी निघाली की बाकीच्या खऱ्या कशावरून? सव्वीस वर्षांच्या सगळ्या वह्या उघडतील. तुझा एकेक आकडा उकरतील. माझ्या बाबांनी तुला ठेवलं तेव्हा मी शाळेत होतो गं. मला नाही बघवणार ते."

आयलीला कुणी इतकं मायेनं खड्ड्यात ढकललं नव्हतं. तिला भीती वाटत होती, चांगलीच वाटत होती. नवरा नाही, मूल नाही, चर्चमध्ये गाऊन मिरवायला आवाज नाही. आयुष्यात तिची म्हणून एकच गोष्ट होती. आयलीनं आकडा लिहिला म्हणजे तो तसाच असतो, हे गावात नाही तरी या चार भिंतींत सगळ्यांना ठाऊक होतं. एवढीच इस्टेट, आणि तीच आता स्वतःच्या हातानं मोडायची.

"तो मला कधीच खोटं बोललेला नाही," ती म्हणाली. "एकदाही नाही. बायकोला मातीआड केल्याच्या तिसऱ्या दिवशीसुद्धा विचारलं असतं तर खरंच सांगितलं असतं त्यानं."

तिनं फॉर्म ओढला. त्यांच्या कामात खाडाखोड चालत नाही, चुकीवर एकच रेघ मारायची आणि खालचं अक्षर वाचता आलं पाहिजे. तिनं 'विचारले : नाही' वर रेघ मारली. बाजूला लिहिलं, 'मी विचारले नव्हते. न विचारता लिहिले.' खाली सही, तारीख. सही जरा वाकडी आली.

नील खिडकीकडे तोंड करून उभा राहिला.

पुढचं सगळं नियमाप्रमाणे झालं. बाहेरून दोन माणसं आली. तळघरातल्या वह्या वर आल्या. पाच आठवडे ती माणसं पानं उलटत होती आणि आयली त्यांच्या दारावरून बाटल्या धुवायला जात-येत होती. कधी आत बोलावत, "हा चार आहे की नऊ?" विचारत. ती सांगायची, चार. ते तिच्याकडे बघायचे आणि काहीतरी टिपून घ्यायचे. दुसरी खोटी नोंद सापडली नाही. पण सापडली नाही म्हणजे नाहीच, असं काही त्यांनी लिहून दिलं नाही. एवढंच ठरवलं, की यापुढे आयली हाय्टालाच्या प्रत्येक आकड्यावर दुसऱ्या माणसाची सही हवी. त्या माणसानं स्वतः मीटर बघून करायची. त्याशिवाय आकडा धरायचा नाही.

ते दुसरं माणूस म्हणजे रोझलिन. आयलीनंच तिला अकरा वर्षांपूर्वी मीटर धरायला शिकवलं होतं.

लांबच्या गावाहून पाणी आणून टेस्ट परत लावली होती. अठ्ठाविसावा दिवस उजाडला. द्रावण चाळीस टक्क्यांच्या आसपासच अडकणार, साठ काही गाठणार नाही, हे एव्हाना सगळ्यांना दिसत होतं. खोलीत दोघीच होत्या. आयलीनं पहिल्या बाटलीचं बूच काढलं, मीटर आत सोडला आणि आकडा ठरेपर्यंत थांबली.

"सहा पूर्णांक आठ," ती म्हणाली आणि लिहिलं.

रोझलिननं वही पुढ्यात ओढली आणि मीटरकडे न बघताच पेन टेकवलं.

"अगं, तू बघितलं नाहीस."

"नाही बघायचं मला." रोझलिनचे डोळे भरून आले होते. "तू सांगितलंस ना, मग झालं. तुझ्या मागे उभं राहून तुझा आकडा तपासायचा? मी? लाज वाटते मला, आयली. जगात कुणावर नसेल एवढा तुझ्यावर विश्वास आहे माझा."

"ठाऊक आहे मला." आयलीनं तिच्या हाताखालून वही हळूच काढून घेतली. "म्हणूनच सांगते. आधी बघ."

"आयली..."

"बघ म्हणते ना."

रोझलिननं बाहीनं डोळे पुसले आणि वाकून मीटर बघितला. बराच वेळ बघितला.

"सहा पूर्णांक आठ."

"हं. आता कर सही," आयली म्हणाली आणि वही तिच्यापुढे सरकवली.